सीलर पांढरा पडला, आता बंगई खरवडायची का?

प्रश्न : आमच्या ओसरीत आजोबांच्या वेळची सागवानी बंगई आहे. मुलीचं लग्न ठरलं म्हणून यंदा श्रावणात मी स्वतःच ती उतरवली, पॉलिश पेपरनं घासली आणि दुकानातून आणलेला सीलर खालून-वरून ब्रशनं मारला. पहिल्या हाताला छान दिसली. दुसऱ्या हाताच्या दिवशी झड लागली होती, तरी घाईत मारला. तासाभरात फळी ताक सांडल्यासारखी पांढरी झाली. कडांना ओघळ आले. चारही कोपऱ्यांत कड्यांजवळ बारीक-बारीक खळगे पडले, तिथे सीलर धरतच नाही. दुकानदार म्हणतो, सगळं खरवडून काढा. सुतार म्हणतो, वरून आणखी एक हात द्या, झाकून जाईल. कुणाचं ऐकू? आणि पारदर्शक सीलर पांढरा होतोच कसा?
– एक वाचक, शिरपूर जैन (ता. मालेगाव, जि. वाशीम)

उत्तर : आज दोघांचंही ऐकू नका. पाऊस उघडून चार दिवस कोरडं ऊन पडेपर्यंत बंगई एका कोपऱ्यात विटांवर आडवी ठेवा आणि तिला हात लावू नका. सीलर बिघडला की माणूस लगेच तो पुसायला धावतो. अर्धवट सुकलेल्या थरावर फडकं फिरलं की एका चुकीच्या तीन होतात. तुम्ही पुसलेलं दिसत नाही, म्हणजे निम्मं काम वाचलं.

तुमच्या पत्रात एक नाही, तीन वेगळे बिघाड आहेत. पांढरेपणा हवेमुळे आला, ओघळ हातामुळे आले आणि कोपऱ्यांतले खळगे तुमच्या घरातल्या एका जुन्या सवयीमुळे आले असावेत, असा माझा तर्क आहे. तिन्हींवर औषध वेगवेगळं.

आधी पांढरेपणाचं कोडं सोडवू, कारण प्रश्नातली खरी उत्सुकता तिथे आहे. दुकानात साधा ‘सीलर’ म्हणून मिळतो तो बहुधा नायट्रोसेल्युलोजचा असतो, म्हणजे कापूस किंवा लाकडाच्या तंतूंवर आम्लांची प्रक्रिया करून केलेला पदार्थ, थिनरमध्ये विरघळवलेला. ‘एनसी’ म्हणतात तो हाच. तो मारला की थिनर झपाट्यानं उडून जातं. उडताना ते फळीतली उष्णता सोबत नेतं. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, तेच कारण. फळीचा पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा गार पडतो आणि झडीच्या दिवसांतली ओलसर हवा त्यावर दवासारखी बसते. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसा तुमच्या सीलरला आला. फरक एवढाच की तांब्याचा घाम पुसता येतो आणि हा थेंबाथेंबानं ओल्या थरात शिरतो. नायट्रोसेल्युलोजला पाणी सोसत नाही, ते जागच्या जागी सूक्ष्म कणांत गोठतं. असे असंख्य कण प्रकाश सगळीकडे उधळतात आणि आपल्याला पांढरं दिसतं. म्हणजे तुमच्या बंगईवर पांढरा रंग असा काही चढलेलाच नाही. दुधातही पांढरा रंग नसतो. स्निग्धाचे आणि प्रथिनांचे कण प्रकाश उधळतात, म्हणून ते पांढरं.

हे कळलं की उपाय आपोआप सुचतो. तो थर पुन्हा विरघळवायचा आणि या वेळी सावकाश सुकू द्यायचा. तसं करता येतं का, हा या सगळ्या कामातला कळीचा प्रश्न आहे, आणि लाकडावर काहीही लावण्याआधी तो विचारायला हवा.

लाकडावरचे लेप दोन जातींचे असतात. एका जातीचे नुसते सुकतात : द्रव उडून जातो, पदार्थ मागे राहतो, आणि तोच द्रव पुन्हा लावला की थर पुन्हा मऊ होतो. लाखेचं पॉलिश स्पिरिटनं मऊ पडतं, एनसी सीलर थिनरनं. दुसऱ्या जातीचे लेप सुकता सुकता बदलून जातात. जवसाचं तेल आणि तेलाचं व्हार्निश हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. मेलामाइन आणि दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन) आपापल्या हार्डनरशी जुळून घट्ट होतं. भाजलेली भाकरी पुन्हा पिठाच्या डब्यात घालता येत नाही, तसे हे लेप पुन्हा विरघळत नाहीत. तिथली चूक घासूनच काढावी लागते. तुमचा सीलर पहिल्या जातीचा असेल तर चूक वितळवता येईल. खात्री करून घ्या : बंगईच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्यानं थेंबभर थिनर लावा आणि मिनिटभरानं बोटानं दाबून पाहा. चिकट, मऊ लागलं तर एनसी. ढिम्म राहिलं तर डब्यावरचं नाव पुन्हा वाचा.

आता प्रत्यक्ष काम. फळी पूर्ण सुकल्यावर ४०० नंबरच्या पेपरनं अगदी हलक्या हातानं, रेषेच्या दिशेनं, वीतभर जागा घासून पाहा. पुष्कळदा पांढरेपणा नुसता वरच्या सालीत असतो आणि एवढ्यानंच निघतो. निघाला नाही तर दुकानातून ‘रिटार्डर’ आणा. हे सावकाश उडणारं द्रावक. नेहमीच्या थिनरमध्ये ते थोडंसं मिसळायचं, किती ते डब्यावर लिहिलेलं असतं, त्याहून जास्त नको. मऊ सुती कापडाचा बोळा त्यात भिजवून घट्ट पिळा, हाताला नुसता ओलसर लागेल इतका, आणि फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच ओढा. परत मागे फिरवू नका. बोळा थांबला तर तिथे चिकटेल आणि नवा डाग पडेल. कुणाकडे कॉम्प्रेसर-गन असेल तर तेच मिश्रण तुषारासारखं मारणं अधिक बरं. पांढरेपणा डोळ्यांदेखत विरघळताना दिसेल. पहिल्यांदा पाहणाऱ्याला जादूच वाटते.

म्हणजे तुमचा सुतार काही अगदी चुकीचं सांगत नव्हता. एनसीचा प्रत्येक नवा हात खालच्या हाताला थोडा विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे कोरड्या हवेत, रिटार्डर घालून दिलेला पातळ हात खालचा पांढरेपणा ओढून घेऊ शकतो. झडीत तोच हात दिला असता तर पांढऱ्यावर पांढरं चढलं असतं.

तुम्ही फळीला खालूनही सीलर दिलात, हे मात्र चांगलं केलंत, बहुतेक जण ते विसरतात. एकाच बाजूनं बंद केलेली फळी उघड्या बाजूनं दमट हवा पीत राहते आणि पन्हाळीसारखी वाकते.

ओघळांचं औषध म्हणजे धीर. ओघळ वरून कडक लागला तरी आत मऊ असतो. त्यावर पेपर चालवला तर तो फाटतो आणि पेपर चिकटून बसतो. नख दाबून वळ उठत नाही तोवर थांबा. मग जुन्या सुतारांसारखा काचेचा धारदार तुकडा घ्या किंवा दाढीचं ब्लेड अंगठा-बोटांत किंचित वाकवून धरा आणि ओघळाचा फक्त उंचवटा तासून काढा. हातात जाडसर मोजा असू द्या. उरलेलं ३२० नंबरचा पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांखाली खड्डे पडतात. सीलरमध्ये साबणाच्या जातीची एक भुकटी, झिंक स्टिअरेट, घातलेली असते. म्हणून तो घासताना पेपर चोंदत नाही आणि पांढरी, सुटी पूड पडते. ही पूड तुमची वाटाडी आहे. फळी सगळीकडून एकसारखी मळकट-पांढरी झाली म्हणजे सपाट झाली. मध्येच चकाकणारे ठिपके राहिले तर ते खोलगट आहेत, अजून घासा. पूड तपकिरी यायला लागली की लगेच हात थांबवा, खाली लाकूड लागलं. कडांवर हे सगळ्यात आधी होतं. तिथे दोन-चारदाच पेपर फिरवायचा, तोही सैल हातानं.

ब्रशनं सीलर मारताना ओघळ येतात ते बहुतेक फळीच्या कडेवरून ब्रश बाहेरून आत ओढल्यामुळे. कड ब्रश पिळून काढते आणि सगळा माल एका ठिकाणी उतरतो. ब्रश फळीच्या आतून सुरू करून बाहेर निसटू द्यायचा. आणि डबा कधी हलवायचा नाही, काठीनं ढवळायचा. हलवला की बुडबुडे येतात आणि ते बंगईवर येऊन बसतात.

इथे थोडं विषयांतर, कारण पत्र शिरपूरहून आलं आहे. लेप हा शब्द तुमच्या गावाला शिकवण्याची गरज नाही. तुमच्या गावच्या जैन मंदिरातली अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती वाळू आणि शेणाची असल्याची परंपरा आहे आणि म्हणूनच तिला वेळोवेळी लेप द्यावा लागतो. त्या लेपाचा अधिकार कुणाचा, यावरून दिगंबर आणि श्वेतांबर पंथांमधला वाद अकोल्याच्या कोर्टातून निघून १९२९ साली थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. १९८१पासून मंदिराला कुलूप होतं. फेब्रुवारी २०२३मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडलं आणि लेपाला वाट मिळाली. कोण बरोबर, हा या सदराचा विषय नाही. मला एवढंच सांगायचं आहे की वरचा लेप झिजायचा आणि पुन्हा द्यायचा, म्हणजे आतलं टिकतं, ही समजूत तुमच्या मातीत आधीपासून आहे. बंगईलाही तोच न्याय लावा. असा लेप निवडा जो पुढे कधीतरी तुमच्या नातवाला सहज काढता येईल.

आता कोपऱ्यांतले खळगे. रंगारी त्यांना माशाचे डोळे म्हणतात. थर पसरता पसरता एखाद्या ठिकाणाहून चहूबाजूंनी मागे सरकतो आणि मध्ये बशीसारखी जागा उघडी राहते. तेल, मेण किंवा सिलिकॉन असलेल्या जागेवर हे होतं. आता सांगा, बंगई करकरायला लागली की तुमच्याकडे काय करतात? कड्यांत तेल सोडतात ना? खोबरेल, नाहीतर शिलाई मशीनचं. आजोबांच्या काळापासून ते तेल कड्यांवरून खाली ओघळलं आणि चार कोपऱ्यांच्या भोकांतून लाकडाच्या रंध्रांत मुरलं. जवसाचं तेल सुकतं, तशी ही तेलं सुकत नाहीत. खोबरेल चाळीस वर्षांनीही लाकडात खोबरेलच राहतं. तुम्ही वरून घासलं तेव्हा वरचा मळ गेला, आतलं तेल राहिलं, आणि थिनर लागताच ते वर आलं.

इथे दुकानदार बरोबर आहे, पण चार वितींपुरताच. तेवढी जागा लाकडापर्यंत मोकळी करा. थिनरनं भिजवलेलं फडकं त्यावर ठेवून वरून प्लास्टिकचा कागद झाका, दहा मिनिटांनी मऊ झालेला सीलर बोथट पट्टीनं रेषेच्या दिशेनं उचला. मग स्वच्छ फडकी बदलत थिनरनं तीन-चारदा पुसा. एकच फडकं फिरवलं तर तेल नुसतं जागा बदलतं. तरीही जागा काळपट दिसली तर खडूची भुकटी थिनरमध्ये कालवून जाडसर लेप द्या. थिनर उडता उडता तेल भुकटीत ओढलं जातं. कोरडी झाली की झाडून टाका, लागेल तर पुन्हा करा. भोकांच्या आतही बोळा फिरवायला विसरू नका, तेलाचं मूळ घर तिथेच आहे.

एवढं करूनही थोडं तेल राहणारच. त्याला आत कोंडून ठेवायला आपल्याकडे एक जुना पहारेकरी आहे : लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणारा इवलासा किडा ती तयार करतो. पळस तुमच्या आसपासच्या माळावर कमी नाही. महाभारतातलं लाक्षागृह ह्याच लाखेचं आणि बालगंधर्वांच्या गाण्यांच्या जुन्या तबकड्याही ह्याच लाखेच्या. लाखेचा थर तेलकट जागेलाही धरतो आणि वरच्या लेपालाही. एक लिटर स्पिरिटला साधारण सव्वाशे ग्रॅम चपडा लाख, या हिशेबानं तुम्हाला वाटीभरच पुरे. प्लास्टिकच्या किंवा काचेच्या बरणीत रात्रभर भिजत ठेवा. सकाळी तळाशी गढूळ साका दिसेल, ते लाखेतलं नैसर्गिक मेण. ते तसंच राहू द्या आणि वरची निवळी तेवढी वापरा, नाहीतर मेणामुळे पुढचा सीलर पुन्हा घसरेल. कोपऱ्यांवर दोन पातळ हात द्या, चांगले सुकू द्या, ३२०नं हलकेच घासा आणि मग सीलर. लाख ताजीच भिजवा. वर्षभर ठेवलेलं द्रावण सुकायचं नाव घेत नाही, चिकटच राहतं.

मी स्वतः ह्या बाबतीत शहाणा होतो असं समजू नका. आमच्या माजघराच्या दाराला पूर्वी ऑइलपेंट होता. तो वरवर घासून मी त्यावर मोठ्या हौसेनं एनसी सीलर मारला. दहा मिनिटांत सगळं दार तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलं. थिनर जुन्या रंगात शिरलं, तो फुगला आणि लाकूड सोडून उठला. तिथे मात्र कुठलाही उपाय चालला नाही, सगळं खरवडावं लागलं, आणि दोन रविवार गेले. म्हणून तुमच्या बंगईवर पूर्वी रंग असेल आणि भेगांत-कोपऱ्यांत तो राहिला असेल तर आताच पाहून घ्या.

सगळं खरवडायची वेळ नेमकी कधी येते, ते ओळखायची साधी युक्ती आहे. सुकलेल्या थरावर ब्लेडनं फुलीसारख्या बारीक रेघा मारा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीला पापुद्रे आले तर लाकूड ओलं असताना सीलर मारला गेला किंवा खाली मेण-तेल आहे. तसं असेल तर वरून कितीही हात द्या, सगळे एकदम निघून येतील. पट्टी स्वच्छ निघाली तर दुकानदाराला सांगा की खरवडायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगायला हवी. सीलर हे अस्तर आहे. ज्या स्टिअरेटमुळे तो घासायला सोपा जातो, त्याच्यामुळेच तो मऊ राहतो. नुसत्या सीलरवर बंगई टांगली तर पहिल्याच उन्हाळ्यात पाण्याच्या तांब्याचे गोल उमटतील. जाड थर देऊ नका, तो पुढे तडकतो. दोन पातळ हात पुरेत, तेही रंध्रं भरण्यापुरते, आणि त्यावर त्याच जातीचं लॅकर. पीयूचा हट्ट असेल तर त्याचा स्वतःचा सीलर वापरा. स्टिअरेटवर पीयू नीट धरत नाही आणि काही महिन्यांत सालपटं निघतात. माझं मत विचाराल तर घरातल्या, सावलीतल्या बंगईला पीयूची गरजच नाही. ओसरीत थेट ऊन आणि पावसाची झड येत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे एनसी टिकणार नाही.

काम करताना खिडक्या-दारं उघडी ठेवा आणि जवळ देवाचा दिवा, उदबत्ती, गॅस, विडी काही नको. नायट्रोसेल्युलोज ही बंदुकीच्या कापसाची सख्खी बहीण आहे. मूकपटांच्या जुन्या रिळी ह्याच पदार्थाच्या होत्या आणि त्या किती सहज पेटत, हे सिनेमाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. कारचे कारखाने १९२३-२४च्या सुमारास ह्याच जातीचा झटपट सुकणारा रंग वापरू लागले. त्याचं नाव ‘ड्यूको’. आपले रंगारी आजही कपाटाच्या गुळगुळीत रंगाला ड्यूको म्हणतात ते त्यावरूनच. थिनरचा वास डोक्यात गेला तर काम थांबवून अंगणात बसा. आणि कधी जवसाचं तेल वापरलंत तर त्याची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती सुकताना आपोआप तापतात आणि पेटतात. दोरीवर एकेक पसरून वाळवा.

वेळेचा हिशेब करा. कोपऱ्यांना चार-पाच दिवस, पांढरेपणाला आणि ओघळांना दोन, वरच्या लॅकरला दोन, आणि वास जायला आठवडा. ऑक्टोबरची कोरडी हवा ह्या कामाला सर्वांत चांगली. लग्न त्यानंतरचं असेल तर निवांत करा. त्याआधीचं असेल तर बंगईवर चादर घाला आणि काम पुढे ढकला, पाहुणे बंगई तपासायला येत नाहीत.

टांगताना कड्या आधी रॉकेलनं धुऊन, पुसून, कोरड्या करून घ्या. पुन्हा करकर सुरू झाली तर कड्यांना तेल जरूर द्या, पण त्याआधी फळी उतरवून ठेवा.